भगवा लावलेलं गॅलियन

शिवजयंतीला आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला आणि शाल-श्रीफळाबरोबर मराठा आरमारातल्या गुराब या जहाजाची लाकडी प्रतिकृती हातात ठेवली. खाली पितळी पट्टीवर तसं लिहिलेलंच होतं. मी ती उलटसुलट करून पाहिली. मागे उंच वरामा, त्यावर खिडक्यांच्या रांगा, पुढे नाळेखाली कोरलेली बाई, डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं. म्हणजे चक्क युरोपातलं गॅलियन, वर भगवा तेवढा चिकटवलेला. देणाऱ्यांच्या मनात प्रेम होतं, म्हणून तिथे मी गप्प बसलो. इथे बोलतो.

मी जहाजांच्या प्रतिकृती बनवतो. पोटासाठी मुंबईतल्या एका गोदीत ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग कापडावर शाईने सुरुवात केली आणि ऑटोकॅडवर निवृत्त झालो. आता डोंबिवलीतल्या घराची बाल्कनी बंद करून तिथे टेबल टाकलंय. बायको त्या जागेला ‘सुकी गोदी’ म्हणते. तिथे केर काढायला कुणालाही परवानगी नाही, कारण जमिनीवर पडलेला कण कचरा आहे की कप्पी, हे मलाच ठाऊक असतं. १:७२ प्रमाणात साडेपाच फुटी खलाशी २३ मिलिमीटरचा होतो. त्याच्या हाताला लागणारी प्रत्येक वस्तू मग त्याच हिशेबाने आली पाहिजे.

लोकांना वाटतं, या छंदात चिकाटी लागते. चिकाटी लागतेच, पण त्याआधी भूमिती लागते. जहाजाचं पोट मध्ये फुगलेलं आणि टोकांना निमुळतं. मध्ये वीस फळ्या मावत असतील तर नाळेपाशी त्याच वीस फळ्यांना निम्मी जागा मिळते. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे तासायची, गरम पाण्यात भिजवायची, सोल्डरिंगच्या तापलेल्या लोखंडावर वळवायची आणि मग सांगाड्यावर टाचण्यांनी बसवायची. फळी आडवी दामटली की तिची कड उभी राहते. वराम्याकडे उलटा प्रकार: तिथे जागा उरते आणि मध्ये पाचरीसारखी तुकडा-फळी घालावी लागते. दोर मी स्वतः वळतो, शिलाई मशीनची जुनी मोटर आणि तीन आकडे लावून. डोलकाठी धरून ठेवणारे दोर काळपट, कारण खऱ्या जहाजावर ते डांबरात भिजवलेले असत. शिडं ओढायचे दोर पिवळसर. वर चढायच्या दोरशिडीची प्रत्येक पायरी खुंटगाठीने बांधायची. अशा शेकडो गाठी असतात. त्या मारताना रेडिओ लावतो, कारण त्यात भूमिती संपलेली असते आणि नुसती चिकाटी उरलेली असते.

आपल्याकडे हा छंद महाग आहे, आणि सरकारने तो आणखी महाग केला. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळणी बनवणाऱ्यांना आधार हवा, हे मान्य. पण शुल्काच्या त्याच वर्गात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि कोड्यांच्या शेजारी लहान प्रमाणातल्या प्रतिकृतीही बसवल्या आहेत. इटलीहून किंवा इंग्लंडहून मागवलेला अक्रोडाच्या फळ्यांचा संच कस्टम्सच्या लेखी बाहुलीच. मी याबद्दल फार कुरकुरत नाही. संच परवडेनात म्हणून तर आमच्यातले बरेच जण आराखड्यावरून थेट लाकूड कापायला शिकले. कोपऱ्यावरच्या सुताराकडे सागाचे तुकडे मिळतात, नक्षीला शिवणीचं लाकूड चालतं, बांबूच्या सुईएवढ्या मेखा करता येतात.

फक्त आराखडा हवा. माझी तक्रार आहे ती तिथे.

नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरलं. ते पोर्ट्समथला आजही उभं आहे आणि त्याची इंचाइंचाची रेखाटनं छापील मिळतात. इंग्रज नौदलाने आपल्या जहाजांचे आराखडे जपून ठेवले, आणि शत्रूच्या जहाजांचेही केले. १७८२ मध्ये त्यांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिची घडण आवडली म्हणून तिची मापं घेतली, कागदावर उतरवली आणि त्या कागदावरून ‘लेडा’ वर्गाच्या फ्रिगेटी बांधल्या. त्यातली एक मुंबईत बांधायची ठरली. आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले. ते जहाज १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने निकामी केलं, आराखडेही गेले. लंडनने दुसरी प्रत काढून पाठवली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानात ती फ्रिगेट बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. माझ्या दिवाणखान्यातही आहे, अडीच फुटांची. फ्रेंचांनी दिलेली घडण, इंग्रजांची कागदपत्रं आणि मुंबईच्या पारशी मेस्त्रीचे हात, हे सगळं मी शंभर टक्के खात्रीने पुन्हा उभं करू शकलो ते केवळ मापं होती म्हणून.

आता गुराब घ्या. तिचं सर्वांत नेमकं वर्णन रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी. पुढे गोल नाळ नाही. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच. त्या चोचीला कठडा नाही, कारण समोरून लाट आली की गुराब जोरात खाली जाई आणि वर आलेलं पाणी वाहून जायला वाट हवी. चोचीमागच्या आडभिंतीतून दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या, नऊ ते बारा पौंडी. गलबत आणखी लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. वाचताना अंगावर काटा येतो. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढत शत्रूच्या मागे नेणार आणि गुराब चोचीवरून तोफा डागणार, हे सगळं त्या वर्णनातून डोळ्यांपुढे उभं राहतं.

पण टेबलावर उभं राहत नाही. चोच किती अंशांत वर जाते? मधल्या बरगडीचा आकार काय, पोट गोल की व्हीसारखं? फळ्या किती, किती जाड? यांतलं एकही उत्तर त्यात नाही. आणि मोजायला जहाजही नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, पेशव्यांशी हातमिळवणी करून, हेही सांगून टाकू. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात एकाला एक बांधलेलं होतं. एका जहाजाने पेट घेतला आणि आग सगळ्यांवर पसरली. ‘हेबे’ पकडली तेव्हा तिचा आराखडा झाला. विजयदुर्गाला मापं घेण्याजोगं काही उरलंच नाही. गिर्ये गावाजवळ वाघोटणच्या खाडीत खडकात कोरलेली आंग्र्यांची गोदी आहे, सुमारे साडेतीनशे फूट लांब. तिथे उभं राहिलं की जहाजं केवढी असतील याचा अंदाज येतो, कशी असतील याचा नाही.

मग ती पोकळी गॅलियनने भरून निघते. गणपतीच्या देखाव्यात, विमानतळावरच्या दुकानात, सत्काराच्या टेबलावर. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण अभिमानाची वस्तू दिसायची कशी, हे ठाऊक नसेल तर आपण मिरवतो काय? ज्या पोर्तुगीजांच्या परवान्यांना आंग्र्यांनी धूप घातला नाही, त्यांच्याच धाटणीचं जहाज आंग्र्यांच्या नावावर खपवतोय.

अंदाजाला माझा विरोध नाही. नौदलाची ‘कौंडिण्य’ अंदाजातूनच जन्मली. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून तिची घडण ठरवली, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात घालून तपासली, केरळच्या कारागिरांनी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या आणि मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली. तिथे चित्र होतं, गणित होतं, फळ्या शिवणारे हात होते, आणि हे पुनर्निर्माण आहे असं सगळ्यांनी उघड सांगितलं. आमच्या प्रतिकृतींच्या पट्टीवर ‘कल्पनेने बनवलेली’ एवढे दोन शब्द आले तरी माझं अर्धं भांडण मिटेल.

उरलेलं अर्धं आजच्या होड्यांबद्दल आहे. आपल्या किनाऱ्यावरची फत्तेमारी मी बनवू शकलो. का? जॉन एडाय नावाच्या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ मध्ये या किनाऱ्यावरच्या नौकांची रेखाटनं छापली, आणि एदमों पारिस या फ्रेंच अधिकाऱ्याने जगभर हिंडताना दिसेल त्या नौकेची मापं घेतली. भारतातल्याच एका कारखान्यात यंत्रात सापडून पारिसचा एक हात गेला, तरी त्याचं रेखाटन थांबलं नाही. पुढे पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने त्या आराखड्यांवरून प्रतिकृती करून घेतल्या. कोकणातल्या नौकेची घडण कळायला मला एका हाताच्या फ्रेंच माणसाचे उपकार मानावे लागतात. मानतो. पण त्याच्यानंतर दोनशे वर्षं होत आली, आणि आमच्याकडे तंत्रनिकेतनं आहेत.

दाभोळच्या खाडीवर होडी बांधणाऱ्या एका मेस्त्रींना मी विचारलं होतं, ‘‘मेस्त्री, याचा आराखडा कुठाय?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘साहेब, कागद कशाला? फळी वाकते तशी होडी होते.’’ आणि खरंच तसंच चाललं होतं. आधी तळाचा पठाण, मग दोन्ही टोकं, मग खालच्या फळ्या, आणि त्या फळ्यांना बसतील तशा आतून बरगड्या. पाश्चात्त्य संचात नेमकं उलट: आधी सांगाडा, मग फळ्या. आमच्या सगळ्या सवयी त्या सांगाड्याच्या. जुन्या पद्धतीत फळ्यांच्या कडा खाच पाडून एकमेकींत बसवत, मध्ये कापूस आणि राळ. हे कुठल्या संचाच्या माहितीपत्रकात सापडणार? मेस्त्रींचा मुलगा फायबरच्या होड्या करतो. त्यात साचा एकच, होड्या हव्या तेवढ्या. त्याला दोष कसा देणार? लाकूड महाग, दुरुस्ती सततची, आणि मासळीला होडी कशाची आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

कुणी म्हणेल, आजची मासेमारी होडी मोजून अठराव्या शतकातली गुराब थोडीच मिळणार? नाही मिळणार. पण वाळूत कुजत पडलेला जुना मचवा, एखादं उरलंसुरलं शिबाड, या हातांनी घडवलेला शेवटचा लाकडी सांगाडा, यांतून बांधायची रीत तरी मिळेल. गुराबेबद्दल शहाणा अंदाज करायचा तर त्या रितीवरूनच करावा लागेल. आणि गुराब बाजूला ठेवली तरी मचवा हा मचवा म्हणून मोजण्याच्या लायकीचा आहे.

यात फार खर्चाचं काही नाही. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, मालवणात आहे. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो, आणि त्यातले कितीतरी प्रकल्प कुठून ना कुठून उचललेले असतात हे मास्तरांनाही माहीत असतं. त्याऐवजी दोघातिघांच्या गटाला एक होडी द्या. ठरावीक अंतरावर खुणा करून मापं घ्यायची आणि तीन रेखाटनं काढायची: बाजूने, वरून, समोरून. मोबाइलवर फोटो काढून त्रिमिती आकार तयार होतो, तोही घ्यावा. मात्र फळीची जाडी, कडेची खाच आणि खिळ्याची वळवलेली शेपूट मोबाइलला दिसत नाही, ती हातानेच चाचपावी लागते. मेस्त्रींना त्या दिवसांची मजुरी द्या आणि रेखाटनावर त्यांचं नाव लिहा. कागद सांभाळायला मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी १९७८ मध्ये सुरू केलेली मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी आहे. एक प्रत कुणालाही फुकट उतरवून घेता यावी, एवढीच माझी अट. डोंबिवलीतल्या, साताऱ्यातल्या, न्यू जर्सीतल्या हौशी माणसाला मग गॅलियनकडे वळायची गरज राहणार नाही.

वेळही ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात आणि मेस्त्री घरी असतात. पावसात काम करावं लागेल, हे खरं. कागद भिजतो, म्हणून मापं आधी फळीवर पेन्सिलने लिहायची. आणि ओळंबा वाऱ्याने हलत राहिला तर त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, दोरी लगेच स्थिर होते.