हाली रुपयाचा बट्टा

मागे एकदा बिडकीनच्या आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आजीच्या पेटीतली सात-आठ नाणी आणली होती. त्यांत निजामाच्या राज्यातले चारमिनारचे दोन हाली रुपये होते. एकाला वरच्या कडेशी भोक पाडलेले होते. ब्रिटिश सरकारचा नागमोडी कडेचा निकेलमिश्रित आणाही होता. आदल्या रात्री तिने ती सारी चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत केली होती. प्रश्न एकच होता : "सर, याचे किती येतील?" या प्रश्नाला मराठी शिकवणाऱ्यांनी काय उत्तर द्यावे, हा या टिपणाचा विषय आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की प्रश्न हलका नाही. नाणे पारखून त्याची किंमत ठरवणे हा आपल्याकडचा जुना व्यवसाय आहे, आणि 'पोतदार' हे आडनाव त्याच व्यवसायाचे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये एकाच वेळी चालत असताना झिजलेल्या वा परमुलखातल्या नाण्यावर सराफ जी कसर कापून घेई, तिचे नाव बट्टा. अब्रूला लागणारा बट्टाही तिथलाच. मराठवाड्यात तर हा हिशेब फार अलीकडेपर्यंत जिवंत होता. ढोबळ मानाने सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत, आणि १९४८मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही हाली नाणे १९५९पर्यंत चलनातून पुरते गेले नव्हते. त्या विद्यार्थिनीच्या आजीला बट्टा म्हणजे काय हे कोशात पाहावे लागले नसते.

आजच्या संग्राहकांचे मोजमाप मात्र दुसरीकडून आले आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी मांडली. तिचा मूळ हेतू किमतीचा होता. सत्तर अंकांचे नाणे एक अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे, असा तो हिशेब. बाजारभावांनी हे गणित लवकरच मोडले. श्रेणी तेवढी उरली आणि इतर नाण्यांनाही लागू झाली. तिच्या शिखरावर जे नाणे बसते, ते कोणाच्याही हाती न गेलेले असते.

अमेरिकेच्या पाच सेंटांच्या 'निकेल'मध्ये या पारखण्याची गंमत स्पष्ट दिसते. नाव निकेल असले तरी त्यात पंचाहत्तर टक्के तांबे असते. १९१३ ते १९३८ या काळातल्या रानरेड्याच्या छापाच्या निकेलवर सालाचे आकडे उंचवट्यावर असल्यामुळे लवकर झिजत. साल गेलेले नाणे मातीमोल ठरते. म्हणून काही जण आम्ल लावून पुसलेले साल वर आणतात, आणि जाणकार अशा नाण्याला पुन्हा खालचा दर्जा देतात. याउलट १९३७मध्ये डेन्व्हरच्या टाकसाळीत ठसा प्रमाणाबाहेर घासला गेल्याने रेड्याचा एक पाय नाहीसा झाला, तर ते तीन पायांचे नाणे संग्राहकांना अतिशय प्रिय. म्हणजे टाकसाळीच्या हातून झालेली चूक मौल्यवान, आणि वापरणाऱ्याच्या हाताची खूण मात्र बट्ट्याची! आमचा मतभेद आहे तो नेमका येथे.

१९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. निव्वळ श्रेणीच्या दृष्टीने ही नाणी बिघडलेलीच म्हणायची, कारण ना खालचा मुखवटा धड, ना वरचे चिन्ह. परंतु क्षहरातांचा पाडाव त्या बिघाडातच लिहिलेला आहे. एका पाठावर दुसरा पाठ लिहिलेली पोथी ज्या आदराने आपण हाती धरतो, तोच आदर या नाण्यांनाही दिला पाहिजे. भोक पाडलेल्या हाली रुपयाचेही तसेच. सराफाला ते नुकसान वाटेल. आम्हांला त्यात गळ्यातला दोरा दिसतो, आणि चलन कधीतरी दागिना झाले होते, हे कळते.

याचा अर्थ स्थितीची पारख निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. हाली रुपयावर चारमिनारच्या कमानीत 'मीम' आहे की 'ऐन', यावरून तो महबूब अलींच्या काळचा की उस्मान अलींच्या, हे ठरते. ते अक्षर झिजले तर आपले वाचन तेवढे लंगडे पडते. भाबडे कौतुक करणाऱ्यापेक्षा भिंगातून कडा तपासणारा संग्राहक आम्हांला जवळचा वाटतो, कारण पाठचिकित्सेची शिस्त त्याच्यापाशी आहे. चिंचेने घासणे वाईट ते याचसाठी. त्याने किंमत तर उतरतेच, शिवाय वर्षानुवर्षांचा थरही निघून जातो आणि पुरावा पुसला जातो. जुनेपणा म्हणजे दुर्मिळता नव्हे, हेही संग्राहकच शिकवतो. किती पाडली यापेक्षा किती उरली, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देण्याची आमिषे आमच्या विद्यार्थ्यांच्या फोनवर येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध खुद्द त्या बँकेने २०२१मध्ये इशारा दिला होता. अशा वेळी 'पैशाचा विचार करू नका' हे सांगणे दांभिकपणाचे होईल. ज्या घरात फी भरायची असते तिथे हा विचार होणारच. आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले की आधी प्रत्येक नाण्याचे एक पान लिही : वजन, दोन्ही बाजूंची आकृती, झीज कुठे आहे, भोक कोणी आणि कशासाठी पाडले, नाणे घरात कोठून आले. आजी आहे तोवर तिला विचार. किंमत शेवटच्या ओळीत लिही, आणि त्यानंतर विकायचे की ठेवायचे ते तुझे तू ठरव.

पैठण येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि बिडकीनच्या शिवारात औद्योगिक वसाहतीसाठी मोठाली जमीन उकरली गेली आहे. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असे १८७८चा कायदा सांगतो. पेटीतल्या नाण्यांसाठी मात्र असा कोणताच कायदा नाही. त्यांची नोंद घरातल्या कोणी केली तरच होईल. त्या मुलीने पाच पाने लिहून आणली. भोकाच्या रुपयाचे पान सर्वांत लांब होते, आणि किमतीची ओळ तिने कोरी ठेवली होती.