साच्यात सापडलेला हात

दात घासण्याचा ब्रश, कंगवा, साबणाची डबी, मुलाचा शाळेचा डबा, पाण्याची बादली, बसावयाची खुर्ची. मुंबईच्या कोणत्याही घरात दिवसभर ज्या वस्तूंना हात लागतो, त्यांतील बहुतेक साच्यातून पडलेल्या असतात. त्या घडविणारे हात मात्र कांदिवलीच्या चारकोप औद्योगिक वसाहतीपासून बोरीवली, दहिसरपर्यंत पसरलेल्या गाळ्यांत दडलेले आहेत.

प्लॅस्टिकला सरसकट शिव्याशाप देणे ही सुखवस्तूंची चैन आहे. मृणाल गोरे यांनी ज्या उपनगरांत पाण्यासाठी लढे दिले, तेथील स्त्रियांच्या डोक्यावरचा जड पितळी हंडा जाऊन हलका प्लॅस्टिकचा हंडा आला, हे काही वाईट झाले नाही. 2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने पिशव्या व थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा नाले, नद्या, गायी यांची चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी होती. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाची चर्चा मात्र झाली नाही.

हे काम असे चालते. दाणा वितळून दोनशे अंशांच्या आसपास तापमानाला दाबाने साच्यात जातो, थंड होतो, साचा उघडतो, कामगार वस्तू काढून घेतो, साचा मिटतो. अर्ध्या मिनिटाचे एक आवर्तन धरले तर बारा तासांच्या पाळीत साचा 1440 वेळा मिटतो, आणि कित्येक टनांच्या जोराने मिटतो. पुढचे सुरक्षा दार उघडे असताना यंत्र चालू नये अशी योजना यंत्रातच असते. जेथे नगावर मजुरी ठरते, तेथे दार उघडण्या-मिटण्याचे दोन सेकंदही महाग वाटू लागतात. मग त्याचा स्विच तारेने बांधला जातो. पाळीच्या अकराव्या तासाला डोळ्यांवर झापड आलेला तरुण हात मागे घेण्यास क्षणभर चुकतो, एवढेच पुरते. कायद्याने बोटांची किंमतही करून ठेविली आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावला तर कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के, तर्जनी गमावली तर 14 टक्के! ज्याची सारी कमाईच चिमटीवर चालते, त्याला हा हिशेब कसा पटावा?

1948 च्या कारखाने कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या उद्योगात दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. महाराष्ट्राने 2015 साली ही संख्या वीस केली; 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या केंद्रीय संहितेने तीच मर्यादा देशभर नेली. नऊ-नऊ जणांच्या दोन पाळ्या चालविणारा गाळा म्हणजे अठरा कामगार. काल जो कारखाना होता, तो एकही यंत्र न हलविता कारखाना उरला नाही. दहांवरील आस्थापनेत मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये कायम राहतात हे खरे. परंतु कारखाना म्हणून होणारी नोंदणी व तपासणी टळली की ती कर्तव्ये पाहावयास येणार कोण?

बोरीवली पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत टाटा स्टीलचा तारांचा कारखाना होता. त्याची पंचवीस एकर जमीन 2014 साली 1155 कोटी रुपयांना विकली गेली. तेथे आज मनोरे उभे आहेत. मोठ्या कारखान्याच्या फाटकावर सभा घेता येते, पत्रके वाटता येतात. गाळ्याला फाटक नसते, एक शटर असते, आणि आतला कामगार कंत्राटदाराच्या वहीतले एक नाव असतो. सहा महिन्यांनी ते नावही बदलते. कामगार चळवळीने गिरण्यांच्या भोंग्यावर आपली घड्याळे लावली होती. गाळ्यांच्या या पट्ट्याकडे तिचे लक्ष उशिरा गेले, आणि गेले तेही तुटपुंजे.

तरीही काही हत्यारे हाती आहेत. नव्या संहितेने प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे; ते मागितले पाहिजे. दहा कामगार असले की राज्य विमा योजना लागू होते आणि तिचे रुग्णालय कांदिवलीतच आहे; पण विमा क्रमांक नसेल तर त्या दारातून आत जाता येत नाही. कार्यकर्त्यांनी आठ दिवस रात्री पाळी बदलण्याच्या वेळी गाळ्यांपाशी उभे राहून माणसे मोजावी, कंत्राटी व शिकाऊ धरून मोजावी, आणि ती यादी कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवावी. सुरक्षा दाराचा स्विच कोठे कोठे बांधलेला आहे, हे त्या यादीत आधी लिहावे.