झाडू उगारण्याआधी

दिवाळी जवळ आली की नागपुरात घराघरांतून लांब दांड्याचा झाडू निघतो आणि पहिला बळी कोळ्याचा जातो. कूलरच्या पाण्यात वाढलेले डास मात्र सुखरूप! भिंतीवरचा बुटका, उड्या मारणारा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. नजरेने हेरून माशीवर झेप घेतो. त्याच्याच कुळातल्या, ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका जातीला २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. मोरीजवळची चपटी, लांब पायांची कोळीण झुरळं खाते, पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती घेऊन हिंडते. दचकायला होतं, कबूल. पण चप्पल जरा खालीच राहू द्या. धुळकट जळमटं खुशाल काढा. त्यांचा मालक बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो.