अशोक सराफांना ‘पद्मश्री’ मिळायला ५० वर्षं का लागली? पुरस्कारांचं गणित नेमकं कसं चालतं, वाचा

जळगाव जामोद (खान्देशातलं जळगाव नव्हे, सातपुड्याच्या पायथ्याचं, बुलढाणा जिल्ह्यातलं) असो की मुंबईतलं दादर, मराठी माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसातून एकदा तरी ‘धनंजय माने’ हजर असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा सिनेमा. त्यानंतर जन्मलेली पोरंही आज त्याचे स्टिकर एकमेकांना पाठवतात. एवढी लोकप्रियता असलेल्या नटाला देशाचा नागरी सन्मान जाहीर झाला तो मात्र २५ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी.

बातमी आली तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच होती: उशीर झाला. ते खरंच आहे. पण उशीर नेमका कुठे होतो, हे समजून घेतलं तर राग जरा योग्य ठिकाणी काढता येईल.

आधी हिशेब पाहू

४ जून १९४७ चा जन्म. स्टेट बँकेत सुमारे दहा वर्षं नोकरी आणि सोबत नाटक. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये दादा कोंडकेंसमोर उभं राहून त्यांनी प्रेक्षकांचं लक्ष वेधलं. १९७७ च्या ‘राम राम गंगाराम’साठी फिल्मफेअर मिळालं. पुढे राज्य चित्रपट पुरस्कारही आले. म्हणजे सिनेमावाल्यांनी दखल घ्यायला वेळ लावला नाही.

मोठे सन्मान मात्र सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेही एकापाठोपाठ. जानेवारी २०२४ अखेरीस २०२३ चा ‘महाराष्ट्र भूषण’ जाहीर झाला, फेब्रुवारीत संगीत नाटक अकादमीच्या यादीत नाव आलं आणि वर्षभरात ‘पद्मश्री’. पन्नास वर्षांत जे झालं नाही ते बारा महिन्यांत झालं! या बारा महिन्यांत त्यांचा अभिनय काही अचानक सुधारला नव्हता.

विनोदी नट म्हणजे दुय्यम?

उशिराचं एक कारण सरकारी फायलीत सापडणार नाही, ते आपल्या डोक्यात आहे. रडवतो तो कलावंत आणि हसवतो तो टाइमपास, हा समज मराठी घरांत पक्का आहे. सराफांनी ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’, ‘वजीर’, ‘भस्म’ हेही केलं. पण लोकांच्या ओठांवर ते नाहीत, आणि सत्काराच्या भाषणांत कौतुक सुरू होतं ते नेमकं याच सिनेमांपासून, जणू विनोद ही माफ करण्याची गोष्ट होती. खरं तर ‘बनवाबनवी’तलं टायमिंग हाच पुरस्काराचा मुख्य आधार मानायला हवा. दादा कोंडके १९९८ मध्ये गेले, लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये. दोघांनाही पद्म सन्मान मिळाला नाही. हा सन्मान सहसा मरणोत्तर दिला जात नाही, त्यामुळे उशीर म्हणजे अनेकदा कायमचा नकार असतो.

कोणत्या पुरस्कारात काय मिळतं?

‘महाराष्ट्र भूषण’ राज्य सरकारचा. १९९६ चा पहिला मान पु. ल. देशपांडे यांचा. आता त्याची रक्कम २५ लाख रुपये आहे. सराफांआधी २००९ साठी तो अभिनेत्री सुलोचनादीदींना मिळाला होता. अकादमी पुरस्कारात एक लाख रुपये आणि ताम्रपत्र. ‘पद्मश्री’त पैसे अजिबात नाहीत. सनद आणि पदक, बस्स. शिवाय ती पदवीही नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये स्पष्ट केलंय की हा सन्मान नावाच्या आगेमागे लावता येत नाही. सत्काराच्या फ्लेक्सवर सर्रास ‘पद्मश्री अमुक तमुक’ छापलं जातं, ते नियमात बसत नाही.

नाव पाठवतं कोण?

इथे खरी गोम आहे. पद्म पुरस्कारासाठी शिफारस कोणीही करू शकतं, अगदी स्वतःची सुद्धा. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, सोबत कार्याची जास्तीत जास्त ८०० शब्दांत माहिती. २०२६ च्या पुरस्कारांसाठी १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ अशी मुदत होती. २०२५ मध्ये एकूण १३९ जणांना पद्म सन्मान जाहीर झाले, त्यात ११३ ‘पद्मश्री’.

मुंबईतल्या कलाकाराबद्दल ८०० शब्द लिहायला माणसं मिळतात. कात्रणं असतात, मुलाखती असतात, सराफांचं तर ‘मी बहुरूपी’ हे आत्मकथनच आहे. तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं पोवाडे गाणाऱ्या शाहिराकडे काय असतं? फार तर एखाद्या जत्रेतला पिवळा पडलेला फोटो.

अशक्य मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. विदर्भाच्या पूर्व टोकाला हे होऊ शकतं, तर पश्चिमेला का नाही? सगळ्यांनाच ‘पद्मश्री’ मिळणार नाही हे उघड आहे. पण आपल्या भागातून नाव गेलंच नाही, तर दिल्लीला दोष देण्यात अर्थ नाही.

‘पद्म’च्या खालची पायरी

जळगाव जामोद किंवा भेंडवळच्या कलावंतासाठी त्याआधी जास्त गरजेची गोष्ट आहे मानधन. राज्याच्या ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजने’त निवड झालेल्यांना आता सरसकट महिना पाच हजार रुपये मिळतात. त्याआधी राष्ट्रीय, राज्य, स्थानिक पातळीवरचा असे दर्जे होते आणि स्थानिक कलावंताच्या हाती सव्वादोन हजारच पडायचे. आता किमान वय ५० आहे आणि निवड जिल्हास्तरीय समिती करते. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जण. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत, म्हणजे सरासरीने तालुक्याच्या वाट्याला सात-आठ नावं. भजनी, गोंधळी, वासुदेव, शाहीर, तमाशातले जुने वादक, सगळे त्याच सात-आठांत.

या अर्जालाही कलेचा पुरावा लागतोच. म्हणजे पुन्हा तेच फोटो, तीच कात्रणं, आणि ती जमवून अर्ज भरून देणारं घरातलं नाहीतर शेजारचं कोणीतरी.