कादंबरीकाराच्या घरची छायाचित्रे

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘उषःकाल’सारखी ऐतिहासिक कादंबरी घरोघरी पोचली. याच हरिभाऊंनी पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार अनेक वर्षे सांभाळला, हे मात्र फारसे स्मरणात राहिलेले नाही. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत संस्कृत पोथ्या जमवून छापल्या जात. इतरांच्या पोथ्या जपणाऱ्या अशा लेखकाच्या स्वतःच्या घरची छायाचित्रे कोणी जपावयाची? नाथमाधव, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत यांच्याबाबतही हाच प्रश्न उभा राहतो.

घरगुती छायाचित्रांत वाङ्मयाचे काय आहे, असा आक्षेप येईल. पण कादंबरीकार शिवकाल रंगवीत असला, तरी त्याने डोळ्यांनी पाहिलेले माजघर स्वतःच्या काळाचे असते. खुर्चीवर कोण बसले आहे, मागे कोण उभे आहे आणि चित्रात कोण नाहीच, हे ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या अभ्यासकाला उपयोगी पडेल, तसेच ‘उषःकाल’च्याही.

घराच्या दृष्टीने छायाचित्राचे मोल पिढीगणिक घटते, समाजाच्या दृष्टीने ते वाढत जाते. दुर्दैव असे की, समाजाला ते मोल कळू लागण्याआधीच वाटण्या होतात, वाडा विकला जातो आणि ट्रंक रद्दीत निघते.

जतनाचा खर्च फार नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उमटविलेल्या जुन्या प्रती ओल आणि उजेड यांनी पिवळ्या पडतात; त्यांना अम्लरहित कागद आणि कोरडी, अंधारी जागा हवी. महाग पडतो तो नोंदी करणारा माणूस. सरकारला पुतळ्यासाठी भांडवली खर्च सुचतो, पगाराचा आवर्ती खर्च सुचत नाही. पगाराच्या बाबीवर कोनशिला बसविता येत नाही ना! संगणकात प्रती उतरविल्या की काम संपले, हाही भ्रमच. चेहऱ्यांची नावे संगणक सांगणार नाही. ती घरातील वृद्ध आत्याबाई हयात आहेत तोवरच मऊ पेन्सिलीने पाठीमागे लिहून घ्यावयास हवीत.

घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावच्या शिक्षकाला हे सारे पुण्याचे वाटेल. पण त्याच परिसरातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. रामदासी मठांतील बाडे अभ्यासकांना पाहावयास मिळतात, ती शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावहून मिळवून धुळ्यास सांभाळली म्हणून. देव व्यवसायाने वकील होते. त्यांची सत्कार्योत्तेजक सभा १८९३ची. त्यांनी सरकारी योजनेची वाट पाहिली नाही.

लेखकांच्या वारसांनी मूळ प्रती भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सोपवाव्यात आणि नकला घरी ठेवाव्यात. खासगी स्वरूपाची चित्रे ठराविक वर्षे बंद ठेवण्याची अट लेखी असावी. मृत बालकाचे चित्र कोणाच्याही हाती पडावे, असे कुटुंबाला वाटणार नाही आणि ते रास्तच आहे. हा करार एका पानात मावतो. शासनाने अशा प्रत्येक संस्थेला एका नोंदणी-लेखनिकाचा पगार तेवढा द्यावा.