नहरीची रेघ : नकाशाचे रूपांतर करताना इतिहास सरकू नये

१/ मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि उत्तरेकडील डोंगरांतले पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. आजच्या छत्रपती संभाजीनगरातील ही नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीस पाणी पुरवणारी नहर यांचे मार्ग अनेक अभ्यासक संगणकावर रेखाटू लागले आहेत. त्या कामात वारंवार होणाऱ्या चुकांविषयी हा धागा.

२/ जुना नकाशा स्कॅन केला की हाती येते ते रास्टर, म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यावरून ओढलेली रेघ म्हणजे व्हेक्टर. हे केवळ फाइलचे रूपांतर आहे, असा समज रूढ आहे. माझ्या मते ते साक्षीवरून दिलेला निवाडा आहे. म्हणून त्याची कारणेही नोंदली पाहिजेत.

३/ पहिली चूक पायाची. भारतातील जुने सर्वेक्षण नकाशे ‘एव्हरेस्ट १८३०’ या लंबगोलावर आधारलेले आहेत. जीपीएस वापरते ‘डब्ल्यूजीएस ८४’. हा भेद दुर्लक्षिला तर आपल्या शहरात रेघ शंभर मीटरहून अधिक सरकते. एवढ्या अंतरात एक अख्खी गल्ली मावते!

४/ क्यूजीआयएसमध्ये थराला नवी निर्देशांक प्रणाली नुसती ‘लावणे’ आणि थर त्या प्रणालीत ‘रूपांतरित करणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने पाटी बदलते, आकडे तेच राहतात. म्हणून आधी मूळ प्रणाली योग्य लावावी, मग रूपांतर करून यूटीएम ४३ उत्तर या विभागात आणावे आणि पाणचक्की, भडकल दरवाजा अशा स्थिर खुणांवर पडताळावे.

५/ दुसरी चूक घाईची. जीडीएएलचे ‘पॉलिगोनाइज’ चालवले की कागदाची घडी, शाईचा डाग आणि नावांची अक्षरेही आकृत्या होऊन येतात. शिवाय रेघेची मध्यरेषा मिळत नाही. मिळते ती पायऱ्यापायऱ्यांची बाह्यरेषा. आधी रंग वेगळे करावेत, ‘सिव्ह’ने बारीक ठिपके गाळावेत, ग्रासमधील ‘आर.थिन’ने रेघ बारीक करावी आणि मगच व्हेक्टर करावे. छोट्या कामासाठी हाताने रेखाटणेच उत्तम.

६/ तिसरी चूक नावांची. शेपफाइलमध्ये स्तंभाचे नाव १० बाइटांत बसवावे लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ‘नहर’ मावते, ‘नहरीची खोली’ मावत नाही. एन्कोडिंग चुकले तर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. जिओपॅकेज वापरल्यास हे दोन्ही त्रास टळतात.

७/ उलट रूपांतरही फसवे असते. काही फूट रुंदीची नहर ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये उतरवली की ती ३० मीटर रुंद दिसते किंवा मधेच तुटते. मग तुटलेल्या जागी ‘येथे नहर नव्हती’ असा निष्कर्ष कोणीतरी काढतोच.

८/ मूळ नकाशालाही मर्यादा असते. इंचास मैल या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे ३२ मीटर जागा व्यापते. पडद्यावर कितीही मोठी करून पाहिली, तरी तिच्यात नसलेली अचूकता येत नाही.

९/ हा काथ्याकूट कशासाठी? उद्या हीच रेघ पाहून कोणी रस्ता खोदेल, कोणी पाया घेईल. रेघ चुकली तर चारशे वर्षांची नहर यंत्राच्या एका घावात फुटेल किंवा जिथे नहर नाही अशा घरमालकास उगाच खेटे घालावे लागतील.

१०/ म्हणून माझा आग्रह एवढाच : प्रत्येक रेघेसोबत मूळ नकाशा, त्याचे प्रमाण, संभाव्य चूक किती मीटर, आणि तो भाग प्रत्यक्ष पाहिलेला, नकाशावरून घेतलेला की अनुमानाचा, हे स्तंभ असावेत. अनुमानाची रेघ तुटक काढावी. मूळ स्कॅन कधीही पुसू नये.

११/ साधने मुक्त आहेत, फुकट आहेत आणि मराठी माणसाच्या हाती आहेत. आता शिस्तही आपलीच हवी. आपल्या वाड्यात वा गावी जुना नकाशा असेल, तर घडी न मोडता सपाट ठेवून स्कॅन करा. रेघ नंतर ओढता येईल. फाटलेला कागद मात्र परत मिळणार नाही.