केसांचा प्रश्न, अन्नाचा प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात धडधाकट माणसांचे केस एकाएकी गळू लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडले. जानेवारीत रुग्णांची संख्या अडीचशेच्या वर गेली. त्यांत शिकणाऱ्या मुलीही होत्या. हा मुलूख खानदेशच्या पूर्व सीमेला लागून आहे. जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी त्याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये.

केस गेल्याने कोणी मरत नाही, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेणारे पुष्कळ आहेत. परंतु पुरुषाच्या टकलाची थट्टा होते, तर स्त्रीच्या टकलामुळे तिची प्रतिष्ठाच पणाला लागते. याचे मूळ आपल्या समाजरचनेत आहे. ‘बोडकी’ ही शिवी केशवपन केलेल्या विधवेवरून आली. स्त्रीला समाजातून उठवायचे तर तिचे केस काढावेत, ही रूढी येथे पिढ्यानपिढ्या पाळली गेली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरविण्यास नकार दिला. पुढे ती रूढी मोडली; समाजाची नजर मात्र पुरती बदलली नाही. म्हणूनच शेगावकडील मुलींना घराबाहेर पडणे जड झाले, शिक्षणात खंड पडला आणि सोयरिकींत अडथळे आले.

प्रारंभी गावच्या पाण्यावर संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले, हे सुदैव. पण गरिबाच्या ताटात पडणाऱ्या धान्याची अशी तपासणी केस गळाल्यावरच का व्हावी, हा प्रश्न उरतोच. रेशनवर चूल पेटणारी घरे खानदेशातही आहेत.

शेगावची बातमी झाली. पण केसगळतीच्या एरवीच्या दुःखाची बातमी होत नाही. बाळंतपण, दीर्घ ताप, थायरॉइडचा विकार, लोहाची उणीव, ही त्याची नेहमीची कारणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. कापूस वेचणारी वा केळीच्या बागेत राबणारी बाई विरळ झालेला भांग पदराआड झाकते, हळदी-कुंकवाला जाणे टाळते आणि मजुरीतले पैसे जाहिरातीतल्या तेलावर घालविते. तिला गरज असते ती रक्ततपासणीची, लोहाच्या गोळ्यांची आणि पुरेशा सकस अन्नाची.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. रेशनच्या धान्याचे नमुने नियमित तपासून अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावेत. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगाची तपासणी ठरावीक दिवशी करावी. तेथे आलेल्या स्त्रीला ‘एवढ्यासाठी आलीस?’ असे कोणी विचारू नये. महिला कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हे दुःख बोलते करावे. आणि पुरुष कार्यकर्त्यांनी आपल्या तोंडची ‘बोडकी’ ही शिवी प्रथम टाकून द्यावी.